पाठ पाहणारे प्रल्हादभाऊ

अमडापूरचे प्रल्हादभाऊ गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाहीत, पाठ बघतात. कोणी गादी भरून घ्यायला आलं की हातातला कापूस खाली ठेवून म्हणतात, "फिरा जरा." माणूस गोंधळून फिरतो. भाऊ मान वाकडी करून त्याची पाठ न्याहाळतात आणि विचारतात, "कोन्या कुशीवर झोपता?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही.

मी चिखलीत छोट्या दुकानदारांच्या जाहिराती करते. भाऊंच्या गादीनं माझी कंबरदुखी पळाली, म्हणून हौसेनं त्यांचा एक व्हिडिओ बनवला. कापूस पिंजणारे भाऊ, टाके घालणारे भाऊ, आणि शेवटी स्वतःच भरलेल्या गादीवर आ वासून घोरणारे भाऊ. हे शेवटचं मी ठरवलं नव्हतं, पण लोकांना तेच आवडलं.

फोन सुरू झाले. पुण्याच्या एका बाईंना भाऊंनी नमस्काराच्याही आधी विचारलं, "तुमचे मिस्टर घोरतात का?"

बाईंनी फोन आपटला.

"काऊन ठेवला असंन?" भाऊ खरोखर बुचकळ्यात पडले. "घोरणाऱ्याले उशाकडून जाड लागते."

"भाऊ, धंदा वाढवायचा तर एवढी चौकशी नको."

"धंदा वाढून राह्यला ताई, पण मले हात दोनच हायेत ना!"

तेवढ्यात एका नव्या मंगल कार्यालयानं वऱ्हाडी मंडळींसाठी टेम्पोभर गाद्या मागितल्या. मी भाऊंना न विचारताच हो म्हणून टाकलं. मदतीला गावातल्या दोन बायका लावून दिल्या. त्यांनी दिवसभर भरलेली गादी भाऊ संध्याकाळी उसवायचे.

"कोनासाठी भरली हे?"

"वऱ्हाड्यासाठी."

"कोनता वऱ्हाडी? लंबा का बुटका?"

बायका वैतागून निघून गेल्या. यापेक्षा शेतातलं निंदण परवडलं, म्हणाल्या.

पहिलं लग्न तोंडावर आलं आणि गाद्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. मी दुकानात जाऊन भांडलेच. "शब्द मी दिलाय भाऊ. नाव माझं खराब होईल!"

भाऊंनी कापसातल्या दोन सरक्या वेचून टाकल्या. मग म्हणाले, "असं हाय का? मंग पाठ नाही पाहत. तुमच्या नावानं भरतो." स्वतः जाऊन त्या बायकांना हातापाया पडून परत घेऊन आले.

लग्नाच्या सकाळी टेम्पो कार्यालयात पोचला. माझा जीव भांड्यात पडला. भाऊ मात्र गाद्या उतरवूनही हलेनात. दुपारी जेवणं झाली, वऱ्हाडी त्या गाद्यांवर आडवे झाले. भाऊ त्यांच्यामधून हिंडत पुटपुटत होते, "याले पातळ झाली... हा मस्त झोपला."

चारच्या सुमारास पाठवणी झाली. वरातीची गाडी गेली, धूळ बसली, तरी नवरीचे वडील फाटकातच उभे. भाऊ गेले आणि त्यांचा दंड धरून त्यांना मागच्या कोठीघरात घेऊन आले. तिथे एक गादी आधीच अंथरलेली होती.

"टेका जरा."

"अजून भांडी मोजून द्यायची हायेत..."

"ते मी पाह्यतो. तुम्ही टेका."

तो माणूस टेकला आणि बघता बघता झोपला. भाऊ दारात मांडी घालून बसले. आचारी मोठ्यानं काही विचारत आला, तर त्याला नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं.

"ओळखीचे आहेत?" मी विचारलं.

"नाही." भाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "माह्या सुलूच्या लग्नात समद्या गाद्या म्याच भरल्या होत्या. वऱ्हाड झोपलं झकास. पोरगी गेल्यावर मले मात्र समजे ना, आता कुठी टेकाव."

तेवढ्यात माझा फोन थरथरला. देऊळगाव राजाच्या एका कार्यालयाला गाद्या हव्या होत्या. मी भाऊंकडे बघितलं. यावेळी आधी विचारलं, "देऊळगावला गाद्या हव्यात, हो म्हणू?"

"हाव म्हना," भाऊ कुजबुजले. "पन त्याइले सांगजा, एक गादी जास्तीची येईन. थे पोरीच्या बापाची."