आभाळाचा तलाठी

दिवेलागणीला, पांझरेच्या पात्रावरचा शेवटचा तांबूस उजेड विरत असताना, देवपुरातल्या आमच्या गल्लीवर एक खणखणीत आवाज उमटतो : "नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, एक नग, विनाअडथळा!" नवे भाडेकरू दचकून खिडक्या उघडतात. जुने रहिवासी शांतपणे फोडणीत मोहरी टाकतात. शेजारच्या गच्चीवरून दौलतआबांनी आणखी एका उपग्रहाला आपल्या हद्दीतून वाट दिली आहे, हे त्यांना ठाऊक असते.

दौलतआबा तलाठी होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर मसुरीच्या दाण्याएवढा शाईचा डाग अजून निळा आहे. आमच्या आणि त्यांच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्या अलीकडे माझे वाळत घातलेले कपडे आणि पलीकडे आबांचे दप्तर, लाल रुमालात बांधलेले. त्या दप्तरात आभाळाच्या नोंदी असतात. तारीख, वेळ, दिशा, मालक, शेरा. आखणी पट्टीने केलेली, अक्षर मोत्यासारखे, आणि पानांना जुन्या कचेरीचा तो कोरडा, किंचित कडवट वास.

"ताई, जमीन मोजून संपली," ते मला पहिल्यांदा म्हणाले होते. "आता वरचं बघायला हवं. मला एवढंच सांगा, आभायना सातबारा कोना नावे शे?"

आबांचे असेच असते. वाक्य कचेरीतल्या मराठीत निघते आणि जिव्हाळ्याच्या वळणावर अहिराणीत उतरते.

सरकारने अवकाश खाजगी कंपन्यांना खुले केले, तेव्हा शहरात त्या बातमीची दखल बहुधा एकट्या आबांनी घेतली. ते सगळे धोरण त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि तीन दिवस हिरव्या शाईने अधोरेखित केले. चौथ्या दिवशी भिंतीवर कोपर टेकवून त्यांनी मला त्याचे सार सांगितले.

"कंपन्यांनी उपग्रह सोडावेत. माझी हरकत नाही. पण हद्दीच्या खुणा कुठंयत? शेजारच्या खातेदाराला नोटीस कोण देणार?"

मी चाचरत म्हटले, "आबा, अवकाश कोणाच्याच मालकीचं नाही, असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय म्हणे."

"म्हणजे गायरान!" आबांचे डोळे लकाकले. "आणि गायरानाचं पुढं काय होतं, ते मले इचारा."

बंद पडून नुसते फिरत राहिलेले उपग्रह आबांच्या लेखी पोटखराबा, सातबाऱ्यावरची नापीक जमीन. एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या कक्षा म्हणजे बांधावरचे भांडण. या सर्व बाबींवर त्यांनी दिल्लीला एक सविस्तर अर्ज धाडला आणि खाली लिहिले : "प्रत माहितीस्तव, मा. तहसीलदार." तहसील कचेरीतला कारकून तो अर्ज कोणत्या फायलीला लावावा, या विवंचनेत दोनदा आबांकडे चहाला येऊन गेला.

एकदा संध्याकाळी आभाळात दिव्यांची एक माळच्या माळ सरकत आली. एकामागे एक, एकाच अंतराने, निःशब्द. गल्ली गच्च्यांवर लोटली. कोणी हात जोडले, कोणी मुलांना पदराखाली घेतले. आबांनी कठड्याला धरून जाहीर केले, "घाबरू नका! एकाच कंपनीचे शेतस. एकत्र कुटुंब. भावांची अजून वाटणी व्हयनी नही." लोक हसले आणि भीती ओसरली. त्या रात्रीपुरते तरी विश्व आम्हाला आमच्याच भाऊबंदकीसारखे ओळखीचे वाटले.

मात्र नोंदीच्या बाबतीत आबांशी थट्टा चालत नसे. "खोटी नोंद म्हणजे दुसऱ्याच्या ताटात माती," असे ते म्हणत. सबंध नोकरीत त्यांनी एकही केली नाही. एकदा पंचनाम्यावर पंच म्हणून खुद्द त्यांच्या मेव्हण्याने सही ठोकली. नात्यातला माणूस पंच चालत नाही, हा आबांचा नेम. त्यांनी साऱ्या गावासमोर ती सही लाल शाईने खोडली. मेव्हणे दोन गल्ल्या सोडून राहतात. घरातल्या लग्नांच्या पत्रिका ते आजही पोस्टाने पाठवतात.

त्या मेव्हण्यांची बहीण म्हणजे सुमनअक्का, आबांची पत्नी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवून भिंतीवरून मला हाक मारणारी, हातांना कायम भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास असणारी बाई. तीन वर्षांपूर्वी अक्कांच्या मनातले दिवे एकेक करून मालवू लागले. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग वार, मग वर्षे. सकाळ बरी जायची. पण ऊन कलले की त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत. "मन्ही आंडेर शायमाइन उनी नही वं अजून," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आंडेर, म्हणजे लेक; ती अजून शाळेतून घरी आलेली नाही. लेक वैशाली बंगळूरला एका खाजगी कंपनीत लहान उपग्रह बांधते, तिचे केस कानापाशी पांढरे होऊ लागले आहेत, हे त्यांना कोण पटवणार? लेक घरी आल्यावाचून अक्का घास तोंडात घेत नसत. ताट निवून जाई. आबा समोर बसून राहत, आणि तेही उपाशी झोपत.

एका संध्याकाळी गच्चीवरून एक तेजस्वी ठिपका सरकत गेला. आबा सहज बोलून गेले, "देख सुमन, आपली वैशाली असंच काहीतरी बनवते." अक्कांनी त्यातले नेमके हवे तेवढेच उचलले. मान वर करून त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. तो ईशान्येला जाता जाता पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला, तेव्हा त्यांनी समाधानाने श्वास सोडला.

"उनी घर," त्या म्हणाल्या. "वाढ आते."

त्या दिवसापासून रोज एक तरी ठिपका लागू लागला. वैशालीचा उपग्रह इतका इवलासा, की तो नुसत्या डोळ्यांना दिसणे अशक्य. तेव्हा कोणाचाही चाले. परदेशी चाले, सरकारी चाले, एखाद्या रॉकेटचा टाकून दिलेला सांगाडाही चाले. आबा दुपारभर मोबाइलवर वेळा जुळवत, संध्याकाळी अक्कांची खुर्ची योग्य दिशेला वळवून ठेवत. पावसाळ्यात आभाळ झाकलेले असे तेव्हा म्हणत, "आत्याकडे थांबली शे आज." पण हे तोंडी. दप्तरात तेवढेच असे : "ढगाळ. नोंद स्थगित."

मला वाटे, पण ठिपका दिसे त्या दिवशी दप्तरात आबा काय लिहीत असतील? मालकाच्या रकान्यात लेकीचे नाव घातले, तर जन्मभराचा नेम मोडतो. न घातले, तर रोज अक्कांना सांगितलेले ते काय? पण विचारण्याचा धीर मला कधी झाला नाही.

यंदा संक्रांतीच्या सुमारास वैशाली रजा घेऊन आली. आदल्या दिवशी आबा भिंतीपाशी आले. आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, पोर उपग्रहवाली शे. तिले बठ्ठं समजतं. तिनं आईला सांगितलं, की हा माझा नाही, तर?"

"नाही सांगणार, आबा."

"सवय असते खरं बोलायची," आबा खाली पाहत म्हणाले. "माझीच शे ना ती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला त्यांच्या गच्चीवर बोलावणे आले. हवेत भरिताचा धूर होता, तिळाचा खमंग वास होता, आणि पश्चिमेला जांभळाच्या सालीसारखा रंग उरला होता. अक्का खुर्चीत, अंगावर शाल. वैशाली त्यांच्या पायाशी, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. अक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मग तो हात थबकला.

"कोन शे वं तू?"

आबांनी कठडा घट्ट धरला.

"शेजारची," वैशाली म्हणाली.

"बस मंग. आते येई मन्ही आंडेर."

आबांनी घड्याळ पाहिले. नैर्ऋत्येला, कडुलिंबाच्या शेंड्यावर, तो उगवला. मोठा, स्थिर, किंचित पिवळसर. आमच्या गल्लीत दिवे लागले होते. तेवढ्या उंचीवर अजून सूर्य मावळला नव्हता. तो कोणाचा आहे, त्यात माणसे आहेत की नाहीत, तो किती वेगाने धावतो, यातले सर्व काही सांगू शकणारी मुलगी तिथे बसली होती. आबांनी नेहमीची आरोळी दिली नाही.

"देख वं, देख!" अक्का तिचा खांदा हलवत म्हणाल्या. "मन्ही आंडेर!"

वैशाली बराच वेळ वर पाहत राहिली.

"हाव माय," ती म्हणाली. "कितली उजयेल शे वं ती."

ठिपका डोक्यावरून गेला आणि ईशान्येला अलगद विरला. अक्कांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "उनी घर. वाढ आते." मग पायाशी बसलेल्या बाईकडे वाकून त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तू बी घर जाय वं बेटा. तुन्ही माय वाट देखत व्हई."

ताट आले. अक्का जेवल्या, अर्धी भाकरी आणि वर चमचाभर भरीत. वैशालीने घास भरवला तो त्यांनी परक्या माणसाचा आग्रह मोडू नये तशा संकोचाने घेतला. मग आबा त्यांना खाली घेऊन गेले. जाताना दप्तर उघडेच राहिले.

वैशालीने मोबाइलचा उजेड धरला. मालकाच्या रकान्यात खोटे काहीच नव्हते. ज्याचा उपग्रह, त्याचे नाव, पानापानावर, देश आणि कंपनीसह. पण त्याच्या शेजारी आबांनी एक जास्तीचा रकाना आखला होता : "वहिवाट." आणि त्यात, दोन वर्षांच्या प्रत्येक स्वच्छ संध्याकाळी, तेच एक नाव होते. सुमन.

जिन्यात खाकरण्याचा आवाज झाला. आबा परत आले होते.

"खोटं नाही लिहिलं," ते घाईने म्हणाले. "मालकी ज्याची त्याची. पण ही रोज वापरते. उघडपणे, सगळ्यांसमोर. कोणाची हरकत आलेली नाही."

आबांनी शाईचा पेन काढला, आजची नोंद पुरी केली आणि दप्तर माझ्यापुढे सरकवले. "आज पंच हजर शेतस. सह्या घ्यायला हव्यात." मी सही केली. मग वैशालीने पेन घेतला आणि माझ्या नावाखाली, शाळेत गिरवतात तसे ठळक, स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. वडिलांच्या नावासकट.

आबांनी चष्मा वर सरकवून ती सही वाचली. लाल पेन त्यांच्या खिशातच होता. त्यांनी दप्तर तोंडाजवळ नेले, शाई वाळावी म्हणून त्या नावावर हलकेच फुंकर घातली आणि मग रुमालाची गाठ बांधली.