डेलियाची जागा

सन १९८३, मार्चचा दुसरा आठवडा. थंडी सरून ऊन नुकतंच टोचू लागलं होतं. तपासनिसांना निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी लोखंडी सळ्या तपासल्या. सरळ ती ठेवली, वाकडी ती फेकली. (घरातही हाच कायदा होता. बायकोने तो कधी मानला नाही.)

त्यांच्या लेकीचं सगळं सासर दहा दिवस परगावी निघालं. परतल्यावर चौथ्या दिवशी फुलांचं प्रदर्शन होतं, आणि सात वर्षं पहिलं बक्षीस व्याह्यांच्या डेलियालाच मिळत आलं होतं. बागेला पाणी कोण घालणार, असा विषय निघाला. तपासनिसांनी कुणी विचारायच्या आत होकार दिला. लेकीने निघताना बजावलं, फक्त पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका.

दोन दिवस हात आवरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाफा तपासला. डेलियाची डोकी जड, माना वाकलेल्या. मधूनच कुणी न लावलेलं एक रानटी झाड उगवलं होतं. फूल पिवळं, बटणाएवढं. कूळ डेलियाचंच, पण देठ सळईसारखा. दुपारपर्यंत डेलियाची चोवीस रोपं उकिरड्यावर गेली. संध्याकाळपर्यंत माळावरून आणलेली चोवीस रानटी झाडं दोरी धरून एका ओळीत उभी राहिली.

व्याही परतले. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

"माझी डेलियाची रोपं?"

"वाकडी होती. काढली."

"आणि ही?"

"सरळ आहेत."

व्याही ओरडले नाहीत. विहीणबाई आत गेल्या. लेक हळूच म्हणाली, "तुम्ही आता घरी जाल, बाबा. मला इथेच राहायचंय."

तपासनीस खाली बघायला लागले. मग व्याह्यांना म्हणाले, नुकसान भरून देतो, आकडा सांगा.

"पैसे नकोत. प्रदर्शनातली माझी जागा रिकामी राहता कामा नये. तीन दिवस तुम्ही बसा. तुमचं फूल घेऊन, तुमच्या नावाने."

तपासनीस बसले. पुढे कुंडी, कुंडीवर नावाची पाटी. लोक वाकून पाटी वाचत आणि फूल कधी येणार म्हणून विचारत. ते बोटाने दाखवत. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी टेबल रिकामं समजून त्यावर चहाचा कप ठेवला. तिसऱ्या दिवशी बायको आली. भर गर्दीत म्हणाली, "अहो, आपल्या गटाराकाठी याहून टपोरं येतं. सांगितलं असतंत तर निवडून आणलं असतं."

संध्याकाळी मांडव उतरू लागला. व्याही आले. त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी काढली.

"फिटलं," ते म्हणाले.