आठ फोटोंची भिंत

कबरस्थानाच्या भिंतीचे आठ फोटो गिदोन साळवेने टेबलावर मांडले आणि कपाळावर हात मारून घेतला. भिंत तीनशे फूट लांब, एका फोटोत मावेना, म्हणून त्याने सरकत सरकत आठ काढले होते. पण कुठला कुठल्याला जोडायचा हेच कळेना. जिकडेतिकडे नुसता पांढरा चुना! अंदाजाने कापून चिकटवले, तर भिंत निम्मीच भरली.

"गिदोन, एवढीशी भिंत पाहून एल्सीबाई काय म्हणतील?" चर्चच्या पाळकसाहेबांनी उसासा टाकला.

एल्सीबाईंचे मिशनरी वडील एकोणीसशे एकवीस साली याच गावात वारले आणि इथेच पुरले गेले. आता १९९६ साली, इंग्लंडात अंथरुणाला खिळलेल्या बाईंनी त्यांच्या आठवणीत ही भिंत बांधून दिली होती. बदल्यात मागणं एकच होतं. डोळे मिटण्याआधी सबंध भिंत एका फोटोत पाहायची होती. दिवस थोडे उरलेत, असं त्यांच्या भाचीने कळवलं होतं.

गिदोनचा भिंगारला छोटासा स्टुडिओ होता, पण गाव हेच. मरणाऱ्या बाईला अर्धी भिंत पाठवायची त्याला लाज वाटली. रात्रभर तळमळून त्याला युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने गावी आला आणि त्याने कागदाचे सात चौकोन कापले, त्यांवर लाल शाईने एक ते सात आकडे घातले आणि खळीने भिंतीवर अंतराअंतराने चिकटवले. दोन शेजारच्या फोटोंत एकच आकडा आला, की तिथे जोड. मग फोटोतल्या आकड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, की काम फत्ते. ऊन जरा उतरू द्यावं म्हणून तो चहाला गेला.

नेमका तेव्हाच गावातला तरणाताठा छगन तिकडून चालला होता. कबरस्थान भरत आलं होतं. भिंतीलगतची पट्टी तेवढी मोकळी होती, आणि यापुढे जागा नंबराने द्याव्या लागतील, असं पाळकसाहेब मागच्याच रविवारी बोलले होते. छगनने आकडे पाहिले आणि गावभर बोंब ठोकली, "नंबर पडले! पळा!"

गिदोन परतला तेव्हा भिंतीपाशी जत्रा होती. सातचे एकोणीस आकडे झाले होते; ज्याला मिळाला नाही त्याने पुढचा आकडा घरून लिहून आणून सातच्या पलीकडे डकवला होता. शेवटच्या टोकाला लिंबाची सावली, तिथला एकोणीस नंबर छगनने बळकावला होता. आणि चार नंबरखाली गिदोनची आई, दीनाबाई, फतकल मारून बसली होती.

"आई, ऊठ. हे फोटोपायी हाय."

"तुझा बाप हितं समोर निजलाय. मी उठले की ही गोजरबाई बसंल."

"बसंलच!" पाच नंबरवरून गोजरबाई म्हणाली. "मला काय बाप-भाऊ न्हाईत व्हय समोर?"

पाळकसाहेबांनी सांगून पाहिलं, मग दम दिला. कुणी जागचं हलेना. ऊन कलत चाललं होतं आणि पाकीट उद्याच्या टपालात पडायला हवं होतं. शेवटी गिदोनने दात-ओठ खात माणसांसकट फोटो काढले.

फोटो मात्र असे जुळले की बघत राहावं! गोजरबाईचा डावा खांदा एकात, उजवा दुसऱ्यात, पण केसभर फरक नाही. तीनशे फूट भिंत, आणि तिच्यापुढे एकोणीस माणसं, एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. गिदोनने तो जोडलेला फोटो जड मनाने पाठवून दिला.

महिन्याने भाचीचं पत्र आलं. पाळकसाहेबांनी ते उपासनेत वाचलं: "मावशीने विचारलं, ही माणसं इतकी दुःखी का? मी म्हटलं, तुझ्या वडिलांसाठी उभी आहेत. पंचाहत्तर वर्षांनंतरही! ती खूप रडली. दोन दिवसांनी शांतपणे गेली."

चर्चभर हुंदके फुटले. सगळ्यांत मोठा छगनचा. गिदोनने मान खाली घातली. त्या दिवशी एल्सीबाईंच्या वडिलांच्या कबरीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

"तिची शेवटची इच्छा," पाळकसाहेब पुढे वाचू लागले, "तिच्या अस्थी भिंतीशी, त्या खाली बसलेल्या म्हातारीच्या शेजारी ठेवाव्यात."

सगळे दीनाबाईकडे पाहू लागले. दीनाबाई गोजरबाईकडे. गोजरबाईने पदराने नाक पुसलं.

"घ्या पाच नंबर. लेकरू बापापाशी यायलंय. मी सरकते सहावर."

मग सहावाला सातवर सरकला, सातवाला आठवर. कुणी कुरकुरलं नाही. सरकत सरकत पाळी एकोणीसवर आली, आणि तिथे भिंत संपली.

"आन् मी?" छगन रडवेला होऊन उभा राहिला. "मी कुठं जाऊ?"

दीनाबाईने मागे वळून त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुला कसली घाई हाय रं?"