गच्चीचं कुलूप आणि नवगिरे सर

आमच्या पुंडलिकनगरातल्या इमारतीत नवगिरे सर राहतात. कुठंही 'मनाई आहे' अशी पाटी दिसली की ते थांबतात, चष्मा पुसतात आणि जवळ असेल त्याला विचारतात, "ही मनाई कुठवर? मुदत लिहिलेली नाही." एकदा दवाखान्यात 'थुंकण्यास मनाई' पाहूनही विचारलं.

"सर, तुम्हाला थुंकायचंय का?" मी म्हटलं.

"नाही हो वहिनी. तत्त्वाचा प्रश्न आहे."

सरांनी शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाला मागं चिकटवलेला विषय. मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडायची. त्यामुळं कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा सगळं शहर घाबरलं आणि सर मात्र उजळले. मूलभूत हक्क एकदाचे पुस्तकातून रस्त्यावर आले होते! दूध आणायला निघाले की नाक्यावरच्या हवालदाराला अनुच्छेद एकोणीस समजावायचे. तो निघाला त्यांचाच विद्यार्थी. "सर, कलम राहू द्या, आधी मास्क नाकावर घ्या." सरांनी लगेच घेतला. नियम सगळे पाळायचे आणि घरी येऊन त्यांची घटनात्मक तपासणी करायची, असा त्यांचा खाक्या.

मी तेव्हा तरुण होते. सत्तरीसुद्धा गाठली नव्हती. इमारतीच्या कोरोना समितीची प्रमुख झाले आणि मला वाटायला लागलं, साथ माझ्याच धाकानं फाटकाबाहेर थांबलीय. गळ्यात शिट्टी, हातात सॅनिटायझरचा फवारा. कोथिंबिरीची जुडीसुद्धा साबणानं धुतली. भाजीला फेस आला, तरी आमच्या ह्यांनी मुकाट खाल्ली. त्याच जोरात मी गच्चीला कुलूप ठोकलं.

साथ गेली, मास्क गेले, कुलूप राहिलं. वर कुणी गेलं नाही की टाक्या सुरक्षित, असं म्हणत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. फक्त सर दर सभेत उठून गच्ची मागायचे.

यंदाच्या मार्चमधल्या सभेत त्यांनी मला चक्क प्रतिवादी केलं. "सरकार," मलाच म्हणाले, "जीव वाचवायला तुम्ही आमचा एकत्र जमायचा हक्क थोडा मागं सारलात. मान्य. पण निर्बंधाला तीन प्रश्न विचारावे लागतात. अधिकार होता का? गरज होती का? आणि गरजेपुरताच होता का?"

"अधिकार कसला, सर? माझ्याजवळ कुलूप होतं."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "वहिनी, बहुतेक वेळा असंच होतं."

मी किल्ली काढून दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निकालाची अंमलबजावणी कशी चाललीय ते बघायला मी गुडघ्यांना शिव्या घालत वर गेले. सरांनी गच्ची झाडून, धुऊन काढली होती. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन ते बसले होते. समोर नुसती रिकामी फरशी.

"कुणाची वाट बघताय?"

"कुरडयांची," सर म्हणाले. "उन्हाळा लागला की तुम्ही सगळ्या इथं कुरडया घालायच्या. कावळे हाकायला मी. तुमच्या गप्पा, तुमची भांडणं, वाटीभर गरम चीक... आमची ही गेल्यावर त्या दीड-दोन महिन्यांवर माझं वर्ष निघायचं." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "आता कळलं, सगळ्या विकतच्या आणतात. हक्क मिळाला, वहिनी. माणसं कोणत्या अनुच्छेदात आहेत, तेवढं सापडेना."

मी खाली आले. डब्यातले गहू काढले, मोठ्या पातेल्यात भिजत घातले आणि समोरच्या शेखभाभींचं दार वाजवलं.

"भाभी, इतवार को गच्चीपे आना. कुरडया घालायच्यात."

"बाजार में मिलती ना, अम्मा. काय कू इत्ती मेहनत?"

"मिळतात, व्हय. पण कावळे हाकायला वर माणूस येऊन बसलाय, त्याचं काय करू?"