विलासची विहीर

विलासबरोबर चहा प्यायचा तर अंगात संयम लागतो. एक चहा दोघांत घेतला, की तो दोन्ही ग्लास डोळ्यांसमोर धरणार, इकडचा घोट तिकडे ओतणार, पुन्हा बघणार. "दोन्हीकडनं सारखं पायजे," हे त्याचं ब्रह्मवाक्य. तोवर चहाचं सरबत झालेलं असतं. मी कर्वेनगरहून दोन बस बदलून खराडीला येतो, ते सरबत प्यायला नव्हे. पण सांगणार कुणाला?

ऑफिसात जेवणानंतर अर्धा तास आम्ही कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायचो. पाच लाल, पाच निळे, एकमेकांना गोळ्या घालायच्या. खेळाबरोबर आलेले मॅप, म्हणजे लढायच्या जागा, विलासला पसंत नव्हते. त्याने स्वतःचा बनवला: त्यांचं जुनं शेत. आमची कंपनी ज्यावर उभी आहे, तेच. "कँटीन हाय ना, तिथं आमचा गोठा व्हता," तो भात कालवता कालवता सांगायचा. मग आमच्या घशाखाली भात उतरायचा नाही.

मॅपच्या एका टोकाला विलासचं घर, तिथून लाल निघायचे. दुसऱ्या टोकाला चुलत्याचं, तिथून निळे. मधे विहीर. विहीर धरेल तो जिंकेल. घोडं अडलं ते इथेच, कारण विहीर चुलत्याच्या घराला जवळ होती. निळे पाच सेकंद आधी पोचायचे आणि आम्हा लालांचा रोज धुव्वा. विलास स्टॉपवॉच घेऊन बसला. निळ्यांच्या वाटेत त्याने बांध घातला, कडब्याची गंजी रचली, शेवटी एक म्हैस उभी केली. म्हशीला गोळी लागत नव्हती. निळे तिच्याच आडून आम्हाला टिपू लागले.

"अरे, विहीर काढून टाक की," मी म्हणालो. "झालं सारखं."

"विहीर कशी काढू? बाळू आन् मी तिथंच पोहायला शिकलो."

बाळू त्याचा चुलतभाऊ. आमच्याच कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर. वाटणीच्या वेळी दोघांच्या वडलांचं विहिरीवरून फाटलं. पुढे शेत विकलं गेलं, विहीर आमच्या पार्किंगखाली गाडली गेली, भांडण तेवढं शाबूत राहिलं. लिफ्टमध्ये समोरासमोर आले, की हे दोघंही मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचे. पण ज्याला चहाचा थेंब इकडेतिकडे चालत नाही, तो हा विलास निळ्यांची पाचवी जागा रोज रिकामी ठेवायचा. कुणी बसायला आलं तर "राखीव हाय". दुसऱ्या मजल्यावर बाळूला रोज त्याची मेल जायची: 'दीड वाजता. जागा आहे.' तीन वर्षं गेली. उत्तर नाही.

एका मंगळवारी पाचवा निळा आला. नाव नुसतं 'पाहुणा'. चुलत्याच्या घरातून निघाला, बंदूक दारातच टाकली आणि न धावता, चालत विहिरीकडे गेला. पायऱ्या उतरून तिसऱ्या पायरीवर थांबला. मी आंब्याआड दबा धरून होतो. आयता आलेला गडी कोण सोडतो? एका गोळीत आडवा केला आणि म्हणालो, "गेले पाहुणे."

शेजारी विलास खुर्चीतून उठला होता. स्क्रीनवर ओळ आली: पाहुण्याने खेळ सोडला.

"बाळू व्हता," तो म्हणाला. "तिसऱ्या पायरीवर कपडे ठेवायचो आम्ही."

मी खाली जाऊन सांगतो म्हणालो, की गोळी माझी होती.

"ऱ्हाऊ द्या. तुम्हाला कुठं म्हाईत व्हतं? गोळी आमच्या घराकडनं आली, त्यानं तेवढंच बघितलं."

दुसऱ्या दिवशी मॅप उघडला, तर विहीर बुजवलेली. सपाट जमीन. म्हैसही गेली होती. मधल्या जागेपर्यंत दोन्ही घरांपासून बरोबर अठ्ठावीस सेकंद. निळ्यांच्या पाचव्या जागेवर टेस्टिंगमधला कुलकर्णी बसला होता.

"झालं बघा सारखं," विलास म्हणाला.

त्या दुपारी त्याने चहा न मोजता ओतला. माझा ग्लास काठोकाठ, त्याच्यात तळाला जेमतेम घोटभर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चहा गरम होता, आणि मला तो जाईना.