कपाटावर अडकलेली लेव्हल

सांडपाणी खात्यातल्या एका आरेखकाने एकवीस वर्षं गटारांचे नकाशे काढले. काम चोख, पण आखलेलं सगळं जमिनीखाली गेलं. "वा, काय वळण घेतलंय!" असं कुणी कधी म्हणालं नाही. (तुंबलं की मात्र त्याचं नाव निघायचं.) म्हणून एका शनिवारी त्याने बायकोला सांगून टाकलं, "मी व्हिडिओ गेमची लेव्हल बनवणार आहे."

"म्हणजे काय?"

"गेममधला एक टप्पा गं. माणूस या दारातून आत येणार, खड्डे ओलांडणार, उंचावरची किल्ली घेणार आणि त्या दारातून बाहेर. वाट मी आखायची!"

महिनाभर खपून त्याने लेव्हल उभी केली. बायको खेळायला बसली आणि पहिल्याच खड्ड्यात तेवीस वेळा पडली.

"अहो, हा गेम आहे की तुमच्या खात्याचं खोदकाम?"

आरेखकाच्या जिव्हारी लागलं. चूक मापात असणार! माणूस खरोखर किती लांब उडी मारतो, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? रविवारी सकाळी बायको तिच्या आईला, म्हणजे त्याच्या सासूबाईंना आणायला गेली, तसा त्याने दिवाणखानाच लेव्हलसारखा मांडला. सोफ्यावरून स्टूल, स्टुलावरून टेबल, टेबलावरून दाराशेजारचं कपाट. घराची किल्ली कपाटाच्या डोक्यावर. जमिनीला पाय लावायचा नाही.

सोफा ते स्टूल झकास जमलं. टेबलही जमलं. कपाटावर त्याने झेप घेतली, किल्ली मुठीत धरली आणि त्याच जोराने मागे टेबल सरकत भिंतीपाशी गेलं. खाली पाहिलं तर जमीन भलतीच लांब. वयही नेमकं तेव्हाच आठवलं.

तेवढ्यात बेल वाजली.

"अहो, दार उघडा! किल्ली घरातच राहिलीय माझी."

"जमणार नाही. मी वर आहे."

"वर? गच्चीवर?"

"कपाटावर."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं, भांडण झालंय का तुमचं?"

"नाही हो आई! मी लेव्हल तपासतोय."

"बघ, पातळीचं काम करतायत ते," सासूबाई लेकीला समजावू लागल्या. "पण त्याला कपाट कशाला लागतं?"

शेवटी त्याने दारावरच्या उघड्या झरोक्यातून किल्ली बाहेर टाकली. ती थेट सासूबाईंच्या पिशवीत पडली. (जन्मातला एकमेव अचूक नेम.) दोघी आत आल्या. बायको भिंतीला टेकून हसत सुटली. सासूबाई निवृत्त टायपिंग शिक्षिका, चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सोफा, स्टूल, टेबल असं सगळं नीट न्याहाळलं.

"जावईबापू, जायचं तेवढं आखलंत. माणूस चुकला तर त्याने परत यायचं कुठून?"

आरेखकाने कपाटावरूनच सगळी मांडणी पुन्हा पाहिली. गटारातलं पाणी एकाच दिशेने जातं. त्याने माणसांनाही तोच न्याय लावला होता!

"आई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही खेळून बघाल?"

"आधी खाली तर या."

पुढचे तीन आठवडे त्याने खड्डे अरुंद केले आणि प्रत्येक खड्ड्यात वर यायला शिडी लावली. सासूबाई ताठ बसून, दहाही बोटं कीबोर्डवर ठेवून खेळायच्या आणि चुका कागदावर लिहून द्यायच्या. एका दुपारी त्या शेवटच्या दारातून बाहेर पडल्या आणि चक्क टाळ्या वाजवू लागल्या. त्याच दिवशी त्याने लेव्हल इंटरनेटवर टाकली.

आठवड्यात चाळीस अनोळखी माणसं खेळून गेली. एकाने अभिप्रायही लिहिला. बायकोने तो मोठ्याने वाचला: "बऱ्याच दिवसांनी इतक्या प्रेमाने आखलेली लेव्हल खेळलो. त्यातही किल्लीमागच्या भिंतीतून आरपार जाणारी गुप्त वाट म्हणजे कमाल! ही कल्पना सुचली कशी?"

आरेखकाची छाती फुगली. बायकोने विचारलं, "ही गुप्त वाट कधी केलीत तुम्ही?"

त्याने नकाशा उघडून पाहिला. ती भिंत नुसती रंगवली होती. पक्की करायचीच राहून गेली होती.

त्याने घसा साफ केला आणि उत्तर लिहिलं, "धन्यवाद. अशा आणखीही वाटा आहेत. शोधा!"

आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच त्या शोधत बसला.