नानांची बेताची हवा

"मोकळी हवा तब्येतीला चांगली," असं कोणी म्हटलं की आमचे नाना भांडायलाच उठत. "मोठ्यांना असेल! जिवाची सुरुवात बेताच्या हवेतच होते!" एवढं सुनावून ते स्टाफरूमची खिडकी लावून घेत. तीही धुळ्याच्या मे महिन्यात.

देवपूरच्या आमच्या कॉलेजात नाना प्राणिशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला त्यांना उंदरिणीच्या पोटातले गर्भ काढून काचेच्या बशीत वाढवायचा नाद लागला. गर्भ दोन पेशींचे होत आणि तिथेच थांबत. नानांनी पाणी बदललं, क्षार बदलले, एक गुरुवारही धरला. "परत दोनावर अडले!" ही बातमी ते सुतक पडल्यासारखी सांगत. शेवटी प्राचार्यांनी बजावलं, "या सत्रात जमलं नाही तर तुमची प्रयोगाची खोली क्रीडा विभागाला."

तेव्हा कुठल्याशा जुन्या जर्नलात नानांना मेख सापडली. आईच्या पोटात प्राणवायू अगदी थोडा असतो. "आणि आपण या नाजूक जिवांना उघड्या माळावर आणून बसवलंय!"

प्राणवायू कमी करायला नायट्रोजन हवा. तो द्रवरूपात गुरांच्या दवाखान्यात होता, वळूचं वीर्य गोठवून ठेवायला. नानांनी क्रीडा विभागाकडूनच फुटबॉलचा ब्लॅडर मागून घेतला, दवाखान्यातल्या टाकीच्या वाफेवर फुगवला आणि लुनाच्या कॅरिअरला बांधून निघाले. पांझरेच्या पुलावर एकाने अहिराणीत हटकलं, "नाना, मॅच शे का?"

"शे! हवासंगे शे!"

बशी ठेवलेल्या बरणीत आम्ही नायट्रोजन सोडला, मी किंचित कार्बन डायऑक्साइड मिसळला आणि झाकण घट्ट लावून बरणी उबेत ठेवली.

मग एका सकाळी नाना माझ्या भर तासात घुसले. "चार झाल्या! चाराच्या आठ!" पोरांनी बाकं बडवली. पुढे दोन-तीन दिवसांत त्या पेशींचा पोकळ, चकाकता गोळा झाला. प्राचार्य धावत आले, तर नाना मायक्रोस्कोपसमोर आडवे आले. "थांबा सर, आलोच," म्हणून लुनावरून घरी गेले आणि अक्कांना मागे बसवून घेऊन आले.

अक्का म्हणजे नानांची बायको. त्या दोघांना मूल झालं नव्हतं.

अक्कांनी पदर सावरला, एक डोळा मिटला आणि वाकून पाहिलं. "हाई काय शे?"

"उंदीरनं लेकरू," नाना हळूच म्हणाले. "आपला हातवर वाढनं."

अक्का तिथून डोळा काढेनात. प्राचार्यांनी घसा खाकरला.

"पाहू द्या तिला," नाना म्हणाले, आणि त्यांनी अक्कांच्या मागे स्टूल सरकवलं.